बारा झाले की फोडा

प्रार्थनेच्या बैठकीत शिट्टी फुंकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या साताऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीतले हवालदार शांतवन लोंढे. कुणाची प्रार्थना तीन मिनिटांच्या पुढे गेली की हे डोळे उघडून घड्याळ बघणार आणि शिट्टी मारणार. एकदा त्यांनी खुद्द पाळकसाहेबांनाच थांबवलं. "साहेब, देवाला समजलं. आता पुढचा." पाळकसाहेबांनी मुकाट्याने आमेन म्हटलं.

फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर हवालदारांनी मंडळीत गट काढले. रविवारी चर्चमध्ये लोक एकमेकांच्या पाठी बघून घरी जातात. म्हणून आठवड्यातून एकदा आठ-दहा जणांनी कुणाच्या तरी घरी जमायचं, पवित्र शास्त्र वाचायचं, एकमेकांची सुखदुःखं विचारायची. कल्पना चांगली होती, पण पडली हवालदारांच्या हातात. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि नवरा एका गटात, बायको दुसऱ्या गटात, असं करून ठेवलं. साळवीबाई तक्रार घेऊन गेल्या, तर म्हणाले, "आवं बाई, घरात रोज तोंड बघताच की एकमेकाचं!"

माझ्या नशिबाने मी त्यांच्याच गटात पडलो. मी जन्मभर शाळेत हजेरी घेतली. म्हातारपणी हवालदार माझी घेऊ लागले. एकदा ताप आला म्हणून गेलो नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस थर्मामीटर घेऊन दारात. फराळालाही नियम होता : चहा आणि बिस्कीट. सुमनताईंनी एकदा हौसेने कांदाभजी केली. "गट मोडतो तो भज्यांनी," असं हवालदारांनी त्यांना सुनावलं आणि मग सहा भजी खाल्ली.

पण लोकांच्या जिवावर आला तो नियम दुसराच. "बारा झाले की फोडा!" गटात बारा माणसं झाली की त्याचे दोन गट करायचे, म्हणजे नव्यांना जागा होते. वर्षभर एकमेकींजवळ मन मोकळं केलेल्या बायका हे एका संध्याकाळी वेगळ्या करत. साळवीबाईंच्या गटात तर रडारड झाली. "गट म्हंजे काय माहेर न्हाई," असं म्हणून हवालदार वहीत रेघ मारून मोकळे. असा माणूस आम्हाला प्रीतीचे धडे देणार! मला मनस्वी चीड येई.

गेल्या महिन्यात दीना नावाची नर्स मिरजेहून बदलून आली. साताऱ्यात तिचं कुणी नाही. मी तिला गुरुवारी आमच्या गटात घेऊन गेलो. आमचा गट नेहमी हवालदारांच्याच घरी भरे. ते उंबऱ्यातच आडवे आले.

"पोरी, तू साळवीबाईंच्या गटात जा. हितं जागा न्हाई."

आत निम्मी चटई रिकामी होती. पोरगी कानकोंडी होऊन परत गेली. याआधी आलेल्या दोघांनाही त्यांनी असंच वाटेला लावलं होतं. मी माणसं मोजली. अकरा. दोन वर्षं आम्ही अकराचे अकराच होतो. दीना आली असती तर बारा झाले असते!

चोर सापडल्याचा मला फार आनंद झाला. सगळे गेल्यावर मी मुद्दाम थांबलो.

"हवालदार, दुसऱ्यांचे गट फोडता आणि स्वतःचा राखता? रविवारी मंडळीच्या पंचांपुढे सांगणार आहे मी."

ते कपबश्या गोळा करत होते. तसेच भिंतीवरच्या बायकोच्या फोटोखाली बसले.

"सांगा मास्तर. खोटं न्हाई त्यात. मार्था गेली, तवापासनं हितं शुक्रवार ते बुधवार कुणी बोलत न्हाई. गुरुवारी आपुन अकरा जण जमतो. फोडला तर सा ऱ्हातील. कुणाला सोडू, तुमीच सांगा." त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "मारा रेघ."

मी खरंच पेन्सिल घेतली. पानावर अकरा नावं होती, आणि प्रत्येकापुढे कशासाठी प्रार्थना करायची ते लिहिलेलं. माझ्या नावापुढे होतं : 'मुलगा फोन करत नाही. रोज.' हे मी गटात कधीच बोललो नव्हतो. यांनी ते कधी ओळखलं कोण जाणे. रोज ते माझ्यासाठी गुडघे टेकत होते आणि मी गावभर त्यांची टिंगल करत होतो. मला माझीच लाज वाटली.

"पुढच्या गुरुवारी दीनाला घेऊन येतो," मी म्हणालो.

"आन पंचांनी इचारलं तर?"

"अकरा सांगू."

खोटी हजेरी लावायची ही माझी पहिलीच वेळ.