हारूनभाईंचे चाळीस श्रोते

हारूनभाईंना ताप आला की ते म्हणत, "वायसर गेलं." बायको रागावली की "प्रेशर वाढलं." आणि भाषणात कोणी अडखळला की ते मागच्या रांगेतून सर्वांना ऐकू जाईल असं सांगत, "नोझलात कचरा हाये." डोणगावात मेहकर रस्त्याला त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं; वायसर म्हणजे पंप गळू नये म्हणून आत बसवायची रबरी चकती. शेजारच्या गाळ्यात माझा कॉम्प्युटरचा क्लास. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे मी मुलांना कीबोर्ड शिकवत असलो की पलीकडून पंपाचा फस्‌-फस्‌ ठेका चालू असे.

हा ठेका ते गाण्यावर धरत. कपाटावरच्या जुन्या टेपवर एक कव्वाली, तिच्या तालात हाताने पंप. मग दुसऱ्या टेपवर लग्नातलं गाणं. पहिलीचा आवाज एका हाताने कमी, दुसऱ्याचा दुसऱ्या हाताने जास्त. मधे खंड पडू द्यायचा नाही.

त्यांच्या धंद्याची एक अडचण होती. बीटी कापूस आला तेव्हा लोक म्हणाले, आता फवारणीच नको. दुकानात दोन-तीन वर्षं माश्या होत्या. हारूनभाई खुशीत. मग गुलाबी बोंडअळी आली आणि पंपांची रांग रस्त्यापर्यंत गेली. हारूनभाईंचं तोंड उतरलं. अर्धं शटर खाली ओढून ते आत काम करत.

"काऊन हो, हंगामात शटर खाली?" मी विचारलं.

"लाज वाटते सर. माहा धंदा चालला म्हंजे गावाचं काही खरं नाही."

मी हसलो होतो. त्या वेळी मी त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर हसायचो.

एका उन्हाळ्यात ते क्लासमध्ये आले आणि मुलांसमोरच म्हणाले, "सर, मले डीजे लाईव्ह कराचा हाये. इंटरनेटवर. वावरात बसून लोकाइनं ऐकला पाह्यजे."

पन्नाशीचा माणूस, दाढीत पांढरं, नखांत ग्रीस. मुलं खिदळली. मीही, तोंड वळवून. पण क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर अडगळीत होता, तो मी त्यांना दिला. गंमत बघायला मिळेल, एवढाच माझा हेतू होता.

दुकानामागच्या खोलीत आम्ही तो मांडला. आवाज घुमू नये म्हणून हारूनभाईंनी भिंतींवर पोत्यांचा बारदाना ठोकला. वेगळं साउंड कार्ड बसवलं, माइक टेबलाला शिकंज्याने आवळला. स्क्रीनवर दोन तबकड्या आणि मधे सरकपट्टी आली. मी समजावू लागलो, तर म्हणाले, "समजलं. एक कॉक बंद करता करता दुसरा उघडाचा." दोन गाण्यांची लय जुळवायला माझ्या हुशार विद्यार्थ्याला महिना लागला असता. हारूनभाईंनी ती तिसऱ्या दिवशी जुळवली. हाताखालून इतके पंप गेले होते, लय त्यांच्या दंडातच होती.

अडलं ते एकाच ठिकाणी. इथे बोललेला शब्द मोबाइलवर अर्ध्या मिनिटाने ऐकू येई. पहिल्या दिवशी ते माइकवर "सलाम, राम राम, जय भीम" म्हणाले आणि अर्ध्या मिनिटाने मोबाइलमधून तेच आलं, तर यांनी अदबीने उत्तर दिलं, "राम राम, बोला." मी हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतो.

"मधल्या टायमात माहा आवाज कुठं राह्यते सर?"

"वाटेत."

"म्हंजे पायपात हाये. येते, येते."

शुक्रवार सोडून रोज साडेअकराला प्रक्षेपण सुरू होई. सकाळची फवारणी थांबवून माणसं बांधावर येतात ती ही वेळ. कॅमेरा नव्हता, तरी हारूनभाई इस्त्रीचा सदरा घालत, अत्तर लावत आणि उभं राहून वाजवत. कव्वालीतून लग्नात, लग्नातून भजनात, सगळं एका ठेक्यावर. आणि दर दोन गाण्यांनी माइक ओढून म्हणत, "हात धुतले काय बे? साबणानं धुवा. पाठ ओली लागून राह्यली असंन तर पंप उतरोवा. आत्ताच्या आत्ता उतरोवा." शेवटचं वाक्य ते ओरडत. नाचायच्या गाण्यानंतर हे ऐकून कोणालाही हसू यावं.

किती लोक ऐकतात ते ज्या पानावर दिसे ते इंग्रजीत होतं आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे. कार्यक्रम संपला की ते घाम पुसत दारात येत. "सर, आज किती?"

पहिल्या दिवशी आकडा दोन होता. एक माझा क्लासमधला कॉम्प्युटर, एक माझा मोबाइल. त्यांच्या अत्तराचा वास माझ्यापर्यंत येत होता. मी म्हणालो, "चाळीस."

त्यांचा चेहरा असा उजळला की दुसऱ्या दिवशी खरं सांगणं कठीण झालं. मी दयेपोटी खोटं बोललो असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. दुपारी क्लासमध्ये मी त्यांची नक्कल करत असे. "हात धुतले काय बे?" मुलं बाकं बडवायची. एका विटेच्या भिंतीतून ते पलीकडे जात असणार, हे मला सुचलं नाही असं मी अजूनही स्वतःला सांगतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वावरात कोणी जात नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात हारूनभाईंनी माइकवरून, मला न विचारता, जाहीर केलं. ऐकणाऱ्या सर्वांनी त्या दिवशी आपले पंप घेऊन दुकानात यावं. वायसर, नळी, पट्टा, सगळं नवीन बसवून मिळेल. चहा हारूनभाईंकडून.

त्या सकाळी मी पोचलो तर दुकानासमोर पाणी शिंपडलेलं, मंडपवाल्याकडून आणलेल्या चाळीस खुर्च्या. एका थाळीत नवी वायसरं ओळीने मांडलेली. मोठ्या किटलीत चहा. अकरा वाजले. रस्त्याने जाणारा एक जण खुर्च्या बघून विचारून गेला, "कोणाची मयत हाये?"

बारा वाजता हारूनभाई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून आले. "सर, एसटी बंद हाये काय आज?"

मी तेव्हा सांगितलं. उभ्या उभ्या, खाली बघत. चाळीस कधीच नव्हते. दोन होते, आणि ते दोन्ही मीच.

ते एका खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता शिवी येईल. आली असती तर बरं झालं असतं.

"मंग भास्कर बी नव्हता?" ते म्हणाले.

"कोण भास्कर?"

तेव्हा कळलं. चार कोसांवरच्या खेड्यातला भास्कर त्यांचं जुनं गिऱ्हाईक. पंप नसला तरी बाजाराच्या दिवशी येऊन टेपवरची गाणी ऐकत बसायचा. अळीच्या पहिल्या वर्षी तो घाईत पंप घेऊन आला. नवीन वायसर संपलं होतं. हारूनभाईंनी जुनंच उलटं करून बसवलं. "दोन दिवस चालते," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पंप गळला. औषध दिवसभर पाठीवर झिरपत राहिलं. भास्कर दवाखान्यातून जिवंत परत आला, पण नजर गेल्यासारखीच झाली. त्याच्या घरून भांडायला कोणी आलं नाही. म्हणून हारूनभाईंनाही जाता आलं नाही. तीन वर्षं.

"चिठ्ठीवर तुमच्याकून ते लिंक लिहून घेतली नव्हती काय, ते त्याच्याच गावच्या माणसापाशी धाडली. तुम्ही चाळीस म्हणा, मी समजो त्यातला एक तो असंन. मले बाकीचे एकोणचाळीस नोको होते सर."

मी मोटारसायकल काढली. आणखी काय करणार होतो? हारूनभाई किटली मांडीवर घेऊन मागे बसले. वाटभर चहा डुचमळत होता.

भास्कर ओसरीत खाटेवर बसून शेंगा फोडत होता, बोटांनी चाचपून. गळ्यात दोरीने बटणांचा मोबाइल. हारूनभाई फाटकाशीच थांबले. भास्करच्या बायकोने बघितलं. "अवं, हारूनभाऊ आले!"

"हारून?" भास्करने मान भलत्याच दिशेला वळवली. "कुठं होता बे तीन साल?"

हारूनभाईंनी वाटेत काही जुळवून ठेवलं असेल, ते सगळं सुटलं. "वायसर जुनं होतं," ते म्हणाले. "मले माहीत होतं, भास्कर."

ओसरीत शेंगा फोडल्याचा आवाज थांबला.

"मले बी माहीत होतं," भास्कर सावकाश म्हणाला. "सकाळपासूनच पाठ ओली लागत होती. म्हटलं, दोन तास राह्यले, होऊन जाऊ दे. हे मी हिले बी सांगतलं नाही."

त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मग ती आत गेली आणि घडी घातलेली चिठ्ठी घेऊन आली. माझ्या अक्षरातली लिंक. "भाऊ, हे तुम्ही धाडलं होतं ना? आम्ही समजलो डोळ्याचं औषध हाये. दोन मेडिकलवाल्याइले दाखोलं. ते म्हणे, असं औषध येत नाही."

भास्कर हसायला लागला. मग हारूनभाई. हसता हसता त्यांचा आवाज फुटला, तसं मी फाटकाबाहेर जाऊन मोटारसायकलची साखळी बघत बसलो. साखळीला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझा मोबाइल मी भास्करकडे नेऊन दिला आणि त्याच्या बायकोला लिंक उघडायला शिकवलं. तो मान हलवून म्हणाला, "मास्तर, उपकार झाले." मी ते ऐकून घेतलं. मुलांसमोरच्या नकलेचं मी त्यालाही सांगितलेलं नाही, हारूनभाईंनाही नाही.

आता ते पान हारूनभाईंच्या स्क्रीनवरच उघडं असतं. इंग्रजी येत नाही, पण एक आणि शून्य समजतात. आकडा खरा राहावा म्हणून मी माझा कॉम्प्युटर जोडत नाही. साडेअकराला वर्ग सोडून त्यांच्या मागच्या खिडकीखाली उभा राहतो. भास्करच्या खेड्यात टॉवरची वीज सारखी जाते. एकाचा शून्य झाला की हारूनभाई गाणं मधेच थांबवतात. बारदान्याच्या त्या खोलीत इस्त्रीच्या सदऱ्यात, सरकपट्टीवर बोट ठेवून उभे राहतात. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. मग एक परत येतो, आणि ते गाणं पुन्हा पहिल्यापासून लावतात.