शीतल येणार आहे

नाशकात पाऊल टाकताना ज्ञानेश बुधगावकरने एक छोटासा निश्चय केला होता: या गावात खोटं बोलायचं नाही. (निश्चय छोटा होता हे त्याचं मत. पुढे जे रामायण झालं ते पाहता त्याने त्यापेक्षा डोंगर चढायचं ठरवलं असतं तर कमी दम लागला असता.)

त्याचं असं होतं की ज्ञानेशचं ज्याच्यावर मनापासून प्रेम, त्याचं नाव शीतल चौगुले. शिरोळकडच्या जैन घरांत शीतल हे चांगलं दणकट पुरुषाचं नाव असतं. आणि हा शीतल तर फारच दणकट. दारातून आत येताना मान वाकवणारा, भरघोस मिशांचा, आणि चपलांच्या दुकानात गेला की दुकानदाराने हात जोडावेत असल्या पावलांचा. सांगली-कोल्हापुरात दोघांचं नीट चाललं होतं, फक्त उघड काही नव्हतं. कारण त्या मुलखात ज्ञानेशचा दर चौकात एक मामा. शेवटी विमा कंपनीतल्या ज्ञानेशने लांबची म्हणून नाशिकची बदली मागून घेतली. शीतललाही निफाडला द्राक्षबागांना ठिबक बसवणाऱ्या कंपनीत काम मिळालं. आधी ज्ञानेशने जाऊन घर बघायचं, मागून शीतलने सामान घेऊन यायचं, असं ठरलं.

निघताना शीतलने मात्र त्याला खिंडीत गाठलं.

"हे बघ ज्ञाना. कोल्हापुरात मी तुझा मित्र झालो. तुझ्या आईपुढं लांबचा पाव्हणा झालो. तुझ्या मामाच्या पोरीच्या लग्नात तर मला केटररचा माणूस करून उभा केलास, आणि लोक माझ्याकडं जिलबी मागायला लागले. आता बास. नाशकात मी तुझा कोण, ते तू सगळ्यांदेखत सांगायचंस. जमत नसंल तर तसं सांग, मी निफाडातच खोली बघतो. एकट्याची."

हे शेवटचं 'एकट्याची' ज्ञानेशच्या काळजात रुतलं. तो म्हणाला, "सांगणार. शपथ."

गंगापूर रोडला एका बंगल्याचा वरचा मजला रिकामा होता. मालकीण प्रतिभाकाकू, निवृत्त मराठीच्या शिक्षिका. नाकावर चष्मा, हातात लाल पेन. (निवृत्तीनंतरही त्या लग्नपत्रिकांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून यजमानांना परत देत.) त्यांनी पहिल्याच भेटीत अट घातली, "हे बघ, मी फक्त फॅमिलीला देते. फॅमिली आहे ना?"

"आहे ना," ज्ञानेश छातीठोकपणे म्हणाला. हे तर शंभर टक्के खरं होतं.

"कधी येणार?"

"शीतल येणार आहे पुढच्या महिन्यात."

"शीतल! अगदी गार वाटलं बघ ऐकून," काकू म्हणाल्या, आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

आता मराठी भाषा म्हणजे मोठी चोंबडी. माणूस कुठे गेला हे नंतर, आधी तो गेला की गेली ते सांगा! पण ज्ञानेशने इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्यातल्या सगळ्या पळवाटा शोधून ठेवल्या होत्या. 'येणार आहे' चालतं. 'शीतलने सांगितलं' चालतं. 'शीतलला आवडतं' तर फारच छान चालतं. त्यामुळे ज्ञानेशच्या बोलण्यातल्या शीतलने कामं केली, पुस्तकं वाचली, भाकरी खाल्ली, पण तो कधी हसला नाही, बसला नाही आणि जेवला तर मुळीच नाही. सर्वनामांच्या वाटेला ज्ञानेश जातच नसे. तिथे 'तो' आणि 'ती' दबा धरून बसलेले असत.

"काय करते रे शीतल?" काकूंनी चहा देताना विचारलं.

(इथे 'करतो' एवढा एकच शब्द तो बोलला असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण नाही.)

"शीतलला ठिबकच्या कंपनीत नोकरी मिळाली आहे, काकू. निफाडला."

"अगं बाई! आणि स्वयंपाक?"

"शीतलच्या हातची आमटी खाल्लीत तर बोटं चाटत बसाल. शीतलचा आवाज मोठा आहे, पण शीतलचं मन फार हळवं."

काकूंनी चष्मा काढून पुसला. "दर वाक्यात शीतल, शीतल! किती जीव आहे रे तुझा! आमच्या ह्यांनी जन्मात कधी माझं नाव घेतलं नाही. 'अगं ए'वर सगळा संसार झाला."

काकूंनी हे शेजारच्या दीपमालावहिनींना सांगितलं. दीपमालावहिनींना सांगितलं की वेगळी दवंडी लागत नाही. दोन दिवसांत फुलं विकायला येणारी साळूबाईसुद्धा ज्ञानेशला विचारायला लागली, "वैनी कवा येणार? मी मोगऱ्याचा लय झ्याक गजरा करून देते."

ज्ञानेश रोज सकाळी आरशासमोर उभा राहून "काकू, शीतल हा पुरुष आहे" असं घोकायचा, आणि जिना उतरून खाली गेला की "काकू, दूध आलं का?" एवढंच बोलून वर यायचा. एकदा तर घसरलाही. बोलता बोलता म्हणून गेला, "काल फोनवर शीतल म्हणाला..."

"म्हणाली," काकूंनी सवयीने दुरुस्त केलं.

ज्ञानेशने तोंड उघडलं. हीच वेळ! तेवढ्यात त्याच्या हातातल्या मोबाइलवर शीतलचा मेसेज उजळला आणि काकूंनी चष्म्यातून तो वाचला: 'शनिवारी येतो. टेम्पो ठरवला. काकूंना नमस्कार सांग.'

"येतो?" काकूंच्या कपाळाला आठी पडली.

झालं, ज्ञानेशला वाटलं, आता आपल्याला काही बोलावंच लागणार नाही. पण कसलं काय! काकू एकदम खुदकन हसल्या.

"हां हां! तुमच्या कोल्हापूरकडे बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात नाही का! गोड वाटतं हो ऐकायला. पण इथे आली की मी तिची भाषा सुधारून घेणार, आधीच सांगून ठेवते."

आणि ज्ञानेश, खोटं न बोलणारा ज्ञानेश, म्हणाला, "शीतलला शिकायला आवडेल."

शनिवार उजाडला. ज्ञानेश ऑफिसातून अर्धी रजा टाकून घरी आला, तर फाटकाला तोरण, अंगणात रांगोळी! दारात काकू, दीपमालावहिनी आणि वहिनींच्या भिशीतल्या झाडून सगळ्या बायका. औक्षणाचं ताट तयार. ओटीसाठी खण-नारळ. उंबऱ्यावर तांदळाने शिगोशीग भरलेलं पितळी माप.

"काकू, हे काय?" त्याने मापाकडे बोट दाखवलं.

"घरात पहिल्यांदा येतेय ती. अशीच कोरडी कशी येऊ देऊ? बांगड्यासुद्धा आणल्यात. हिरव्या, सव्वादोनच्या मापाच्या. नाजूकच असेल ना हात?"

"काकू, मला तुम्हाला काही..."

पण तेवढ्यात टेम्पो फाटकात थांबलाच. पुढच्या सीटवरून शीतल उतरला. खांद्यावर गव्हाचं पोतं, मिशांवर धूळ, तोंडभर हसू.

"अहो ड्रायव्हर, जरा बाजूला सरका," काकू ताट सावरत म्हणाल्या. "मॅडमना उतरू द्या."

"कुठल्या मॅडम?"

"शीतल मॅडम."

"मीच की शीतल!" आणि शीतलने खांद्यावर पोतं तसंच ठेवून काकूंना वाकून नमस्कार केला.

काकूंनी शीतलच्या मिशांकडे पाहिलं. मग ताटातल्या बांगड्यांकडे. मग ज्ञानेशकडे.

"ज्ञानेश? हे कोण?"

शीतलनेही पोतं खाली ठेवून ज्ञानेशकडे पाहिलं. रागाने नाही. केटररचा माणूस झाला होता त्या दिवशी पाहिलं होतं, तसं.

ज्ञानेशच्या जिभेवर 'मित्र' हा शब्द अगदी तयार होऊन उभा होता. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. घर टिकलं असतं, अब्रू टिकली असती, बायका हसून घरी गेल्या असत्या. आणि टेम्पो तसाच वळून निफाडला गेला असता. ज्ञानेशच्या कानांतून वाफा निघत होत्या. त्याने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ते वाक्य पुरं केलं.

"काकू, हा शीतल. हा माझा आहे. मी ह्याचा आहे. आमची फॅमिली म्हणजे आम्ही दोघंच."

"अगंबाई!" दीपमालावहिनींनी तोंडाला पदर लावला. "म्हणजे हे तसले..."

"दीपमाला," काकू वळूनही न बघता म्हणाल्या, "तसले हे काही विशेषण नव्हे."

मग त्या पायरीवर बसल्या. ज्ञानेशला वाटलं, आता किल्ली मागणार. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"मला हे सगळं नीट कळायला थोडा वेळ लागेल," काकू हळूहळू म्हणाल्या. "आमच्या वेळी कुणी शिकवलं नाही. पण मला राग कशाचा आलाय सांगू? माझा जन्म व्याकरण शिकवण्यात गेला, आणि तू माझ्या नाकावर टिच्चून महिनाभर लिंगाशिवाय मराठी बोललास! आणि मला पत्ता नाही! अरे, मी तिच्यासाठी... ह्याच्यासाठी बाजारात फिरून बांगड्या आणल्या. ह्यांचं आता करू काय?"

शीतल पुढे झाला आणि एक बांगडी उचलून त्याने निरखून बघितली. "काकू, ही तर माझ्या अंगठ्यातबी जायची न्हाई."

पहिली हसली ती साळूबाई. गजरा हातात धरून ती मघापासून कुंपणाला टेकून उभी होती. "मला काय, गजरा गेला म्हंजी झालं," ती म्हणाली. "पर ह्यांच्या केसात काय बसायचा नाय तो." आणि तिने सरळ तो शीतलच्या मनगटाला बांधून टाकला. मग भिशीतल्या दोघी-तिघी हसल्या. मग काकूंच्याही ओठांचा कोपरा हलला.

"फॅमिलीला देते म्हणाले होते मी," त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "फॅमिली येणार आहे, म्हणाला होता हा. आली म्हणायची. आता मापातले तांदूळ काय परत डब्यात ओतू? चला, उजवा पाय."

शीतलने उजवा पाय उचलला. पायाने माप हळूच कलंडवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा मनापासून लाथ मारता झाला. तांदूळ दीपमालावहिनींच्या अंबाड्यात, रांगोळीवर, टेम्पोच्या टपावर. आणि माप थेट ज्ञानेशच्या नडगीवर. तो एका पायावर नाचत होता तेव्हा बायकांना वाटलं, आनंदाने नाचतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"नाव घ्या, नाव घ्या!" आता दीपमालावहिनीच पुढे. (केसांत तांदूळ पडल्यावर माणूस घरचाच होतो बहुतेक.)

शीतलने घसा खाकरला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला,

"निफाडच्या द्राक्षांना ठिबकचं पाणी,
ज्ञानेशचं नाव घेतो, ऐका सगळ्याजणी!"

सगळ्यांनी जल्लोष केला. आता ज्ञानेशची पाळी. नडगी चोळत तो उभा राहिला.

"गंगापूर रोडला मिळालं घर... शीतलला... शीतलने..." जुनी सवय! जीभ नेमकी पळवाटच शोधायला लागली.

"क्रियापद!" काकू गरजल्या.

"शीतल आला!"

"यमक कुठाय?"

"यमक नाही काकू," ज्ञानेशचे डोळे भरून आले होते, "पण शीतल आला."

काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "यमकात नापास. व्याकरणात पास. चला आत."

त्या दिवसापासून ज्ञानेशच्या जिभेचं कुलूप जे उघडलं ते उघडलंच. इतक्या वर्षांची क्रियापदं आत तुंबलेली. सकाळी दूध घ्यायला खाली आला की सुरू, "काकू, शीतल उठला. शीतल अंघोळीला गेला. शीतल काल जेवताना इतका हसला की शीतलला ठसका लागला. मग शीतल पाणी प्यायला. मग शीतल झोपला."

काकूंनी पंधरा दिवस कौतुकाने ऐकलं. मग एके दिवशी त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि कानावरचं लाल पेन काढून हातात घेतलं.

"ज्ञानेश, बाळा," त्या कळवळून म्हणाल्या, "कळलं रे सगळ्या गावाला. आता तरी एखादं सर्वनाम वापर!"