पाच वर्षांचं ऑर्किड

सोमवारी सकाळी तिसऱ्या ग्राहकानेही तेच विचारलं.

"मॅडम, तुम्ही बाथरूममधून बोलताय का?"

ती विमा कंपनीच्या तक्रार विभागात होती आणि सध्या आईबाबांच्या घरी, हॉलमधल्या टेबलावरून काम करत होती. तिच्या पाठीमागे काचेच्या पेटीत बाबांचा वीतभर धबधबा खळखळत होता. तिने पंपाचं बटण बंद केलं आणि माणूस गेल्यावर कोणकोणते कागद जोडावे लागतात, ते ग्राहकाला न अडखळता सांगितलं.

पंप बंद आहे, हे तिला शुक्रवारी आठवलं.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. आई आठ दिवस मावशीकडे गेली होती, रविवारी दुपारी परतणार होती. जाताना तिने एवढंच बजावलं होतं, "तू जेवली नाहीस तरी चालेल, पण पेटीकडे बघ." पेटीत शेवाळ, दगड, पाणी आणि धबधब्याच्या काठावर एकच ऑर्किड. पानं गव्हाच्या दाण्याएवढी, फूल त्याहून लहान. बाबांनी ते पाच वर्षं जगवलं होतं. घरी पाहुणा आला की त्याच्या हातात चहाच्या आधी भिंग यायचं.

आता भिंगातूनही त्यात जीव दिसेना. तिने पान हलकेच धरलं, ते हातात आलं.

तिने घाईघाईने पंप लावला. सुकून सुटलेलं शेवाळ धबधब्याच्या तोंडाशी अडकलं, पाण्याने वाट बदलली आणि बारीक धार पेटीबाहेर, थेट बाबांच्या रेडिओवर पडू लागली. रेडिओ एकदा खरखरला आणि तोही गेला.

मोबाइलमध्ये ऑर्किडचा जुना फोटो घेऊन तिने नर्सरी गाठली. नर्सरीवाल्या काकांनी फोटो लांब धरून पाहिला.

"हे आज नाही. रविवारी सकाळी माल येईल. कुठे लावणार?"

"धबधब्याशेजारी." रविवारपर्यंत थांबायचा तिला धीर नव्हता, तिने समोरच्या पिवळ्याकडे बोट दाखवलं.

"मग हे पिवळं नको. त्याला पाय ओले चालत नाहीत. हे पांढरं चालेल, पण त्याला वारा लागतो."

"आणि हे?"

"ते थंड हवेचं. तुमच्या हॉलमध्ये चार दिवसांत मान टाकेल."

एवढुशा जिवांचे एवढे नखरे ऐकून तिला आपल्या ग्राहकांविषयी पहिल्यांदाच आदर वाटला. फूल निदान लांबून सारखं दिसावं म्हणून तिने पांढरं घेतलं. घरी वारा नव्हता, म्हणून टेबलफॅन लावला. फॅनने धबधबा उचलून सोफ्यावर नेला. सोफा वाळवायला बाल्कनीत ओढताना पेटीला धक्का लागला, दगड घसरला आणि पांढरं ऑर्किड त्याच्याखाली गेलं. ती ओल्या सोफ्यावर बसून राहिली. पंप मात्र खळखळत होता.

रविवारी नर्सरी उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. काकांनी हवं ते रोप काढून दिलं आणि तिला राहवलं नाही.

"काका, बाबांनी पाच वर्षं जगवलेलं झाड मी पाच दिवसांत मारलं."

"पाच वर्षं?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "पेटीवाल्या साहेबांच्या कन्या का तुम्ही? अहो ताई, साहेब दर तीन-चार महिन्यांनी यायचे. फूल अगदी तसंच हवं म्हणायचे, घरी कळता कामा नये. दिसले नाहीत बरेच दिवस."

ती सांगू लागली, पण काकांनी तिच्या चेहऱ्यावरून आधीच ओळखलं होतं.

दुपारी आई आली. पिशवीसुद्धा खाली न ठेवता ती पेटीपाशी वाकली.

"हे सतरावं," आई म्हणाली.

"काय?"

"ऑर्किड. ह्यांना वाटायचं, मला कळत नाही. मी वाटू दिलं."

"अगं, पण ती मरायची का?"

आईने बटणाकडे पाहिलं. "ह्या खळखळाटात दुपारी माझा डोळा लागायचा नाही. हे ऑफिसला गेले की मी पंप बंद करायचे. कधीकधी लावायचा राहून जायचा, ह्यांची चाहूल लागेपर्यंत."

"आणि तू बाबांना कधी सांगितलं नाहीस?"

"ते मला सांगत होते का?" आईने पिशवी खाली ठेवली. "सोळावं मात्र तरारलं होतं. हे गेल्यापासून मी पंपाला हात लावला नाही. ते का गेलं, कळत नाही."

ती रेडिओकडे बघत म्हणाली, "मी लावला हात."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली आणि ओलसर सोफ्यावर आडवी झाली.

"आई, झोप तू. बंद करते थोडा वेळ."

"राहू दे."

"झोप नाही लागायची तुला."

"नाहीतरी लागत नाही. चालू दे."

सोमवारी सकाळी तिने टेबल पेटीच्या आणखी जवळ ओढलं आणि पहिला फोन घेतला.

"मॅडम, तुम्ही बाथरूममधून बोलताय का?"

"हो," ती म्हणाली. "बोला, काय तक्रार आहे?"