बत्तीस रकाने, दोन कान

"हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात," तिसरीच्या बाई शेजारच्या खुर्चीकडे झुकून कुजबुजल्या. ही कुजबुज शिक्षकखोलीच्या दारापर्यंत पोचली. दारात गणिताचे सर उभे होते.

सरांनी आताच विचारलं होतं, "बाई, डस्टर आहे का?" त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "आहे ना, धाकटा जावई. पण दातांचा आहे." सर तसेच वर्गावर गेले आणि त्या तासाचा फळा त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसला.

गेली दोन वर्षं बाईंना ऐकू कमी येत होतं. हे शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं. फक्त तसं म्हणायचं कुणी, हा प्रश्न होता. बाईंनी आपल्यापुरती वाट काढली होती. विचारलेलं कळलं नाही की त्या दोनपैकी एक उत्तर द्यायच्या. "ते मुलांवर अवलंबून आहे," नाहीतर "बघू या मिळून." शाळेतल्या बहुतेक प्रश्नांना ही दोन उत्तरं पुरतात, हा त्यांचा अनुभव होता.

अशात वरच्या कचेरीतून नवा फॉर्म आला.

पूर्वी तपासणी म्हणजे साहेब यायचे, हजेरीपट चाळायचे, चहा घ्यायचे आणि 'समाधानकारक' असं लिहून जायचे. आता साहेब प्रत्येकाच्या वर्गात पूर्ण तासभर मागच्या बाकावर बसणार होते, बत्तीस रकाने भरणार होते. ज्याला पन्नासच्या खाली गुण, त्याला 'वर्गाबाहेरची जबाबदारी'. या शाळेत वर्गाबाहेर एकच जबाबदारी होती, जिन्याखालची सामानाची खोली. तिथे फाटके नकाशे होते आणि आसातून निखळलेला पृथ्वीगोल होता.

बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. जावयाने कानाच्या डॉक्टरचं नाव सुचवलं, तेव्हा त्यांनी त्याला उडवून लावलं. "कानात यंत्र दिसलं, की मला जिन्याखाली बसवतील. तिसरीचा वर्ग सोडून मी जन्मात दुसरीकडे बसलेली नाही."

मुख्याध्यापिका स्वतः याच बाईंच्या हाताखाली तिसरीत वाचायला शिकली होती. अजूनही बाई समोर आल्या की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून तिने बाईंना खोलीत बोलावलं.

"बाई, तब्येत कशी आहे?" तिने मोठ्यांदा विचारलं.

"ठणठणीत."

"गुडघे?"

"दोन जिने चढून आले की आत्ता."

"रक्तदाब वगैरे?"

"तुझ्यापेक्षा बरा असेल."

"आणि डोळे?"

"गेल्याच महिन्यात चष्मा बदलला." बाई नव्या चष्म्यातून तिच्याकडे रोखून बघत राहिल्या. "आणखी काही विचारायचंय?"

गुडघ्यांपासून निघालेली मुख्याध्यापिका डोळ्यांपर्यंत येऊन पोचली होती. कान तिथून चार बोटांवर होते. "नाही बाई," ती म्हणाली.

बाई गेल्यावर तिने फॉर्म पुन्हा वाचून काढला. शिक्षकाचा आवाज, अक्षर, पोशाख, खिडक्या उघड्या होत्या की बंद, सगळ्याला रकाना होता. शिक्षकाला ऐकू येतं का, याला मात्र नव्हता. तेवढ्या समाधानावर तिने त्या दिवशीचा डबा उघडला.

साहेब आले. त्यांचा आवाज इतका बारीक, की ते बोलायला लागले की समोरचा माणूस आधी पंखा बंद करायचा. पहिलाच तास तिसरीचा होता.

तिसरीत कुणी जागेवरून ओरडत नव्हतं. त्याने बाईंना काही कळत नाही, हे मुलांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. उत्तर द्यायचं असलं की मूल उठायचं, पुढे यायचं, बाईंकडे तोंड करून सावकाश पूर्ण वाक्य म्हणायचं. बाई कानामागे हात धरून झुकायच्या. तरी नाही कळलं, तर मूल तेच वेगळ्या शब्दांत सांगायचं. तोवर बाकीचे गप्प, कारण मधे कुणी आवाज केला तर सगळं पहिल्यापासून करावं लागायचं.

साहेबांनी वीस वर्षं मुलांवर खेकसणारे शिक्षक पाहिले होते. तास संपल्यावर ते भारावल्यासारखे पुढे आले.

"ही पद्धत कुठे शिकलात, बाई?"

बाईंना त्यांचे ओठ हललेले दिसले. "ते मुलांवर अवलंबून आहे."

साहेबांनी हे लिहून घेतलं. "आणि मुलाचं चुकलं तर?"

"बघू या मिळून."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि चष्मा काढून पुसला.

बाईंना शंभरात चौऱ्याण्णव मिळाले. गणिताच्या सरांना एकेचाळीस, शेजारी शेरा, 'मुलांचं ऐकून घेत नाहीत. सुधारण्यास एक महिना मुदत.' आठवड्याभरात परिपत्रक आलं. त्यात पद्धतीला नाव मिळालं होतं, 'श्रवणकेंद्री अध्यापन'. सर्व शिक्षकांनी कानामागे हात धरावा, मुलाकडे झुकावं आणि उत्तर किमान दोनदा म्हणवून घ्यावं.

"म्हणजे मला ऐकू येतं, म्हणून मी नापास?" सर मुख्याध्यापिकेच्या टेबलाशी येऊन म्हणाले.

"हळू बोला, सर."

"हळू कशाला? ज्यांच्या कानावर जाऊ नये, त्या तर..." सर अडखळले. इतक्या जवळ येऊनही त्यांच्या तोंडून ते निघेना. "बरं, निदान हात डावा की उजवा, ते तरी सांगा."

"परिपत्रकात 'सोयीनुसार' लिहिलंय."

सरांनी सातवीत डावा हात लावून पाहिला. पहिल्या बाकावरच्या मुलीने काळजीने विचारलं, "सर, कानात काही गेलंय का?" मग अख्खा वर्ग पाळीपाळीने सरांच्या कानात डोकावून गेला. त्या दिवशी अपूर्णांक तसेच राहिले.

पुढचं पत्र आलं आणि मुख्याध्यापिकेची झोप उडाली. बारा शाळांतल्या साठ शिक्षकांसमोर बाईंचा आदर्श पाठ ठेवला होता, आणि मुलं दुसऱ्या शाळेची येणार होती. पद्धत खरी असेल तर ती कुठल्याही मुलांवर चालेल, असं साहेबांचं म्हणणं. खरं सांगावं तर बाई जिन्याखाली जाणार, न सांगावं तर साठ लोकांसमोर त्यांची शोभा होणार.

"बाई," आदल्या दिवशी तिने त्यांना जिन्यात गाठलं, "उद्यापुरतं आजारी पडाल का?"

"बघू या मिळून," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. साठ वह्या उघडल्या. मागच्या रांगेत गणिताचे सर सरावासाठी कानामागे हात धरूनच बसले होते. समोर परकी मुलं, आणि ती बोलणार परक्या मुलांसारखीच, म्हणजे स्वतःच्या गळपट्टीत.

"झाडाला पाणी नाही मिळालं, तर काय होईल?" बाईंनी विचारलं.

पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी उभी राहिली आणि काहीतरी पुटपुटली. बाई कानामागे हात धरून झुकल्या. "पुन्हा सांग."

साठ वह्यांत 'पुन्हा संधी' असं लिहिलं गेलं.

मुलगी आणखी हळू बोलली. बाई आणखी झुकल्या. "पुन्हा सांग गं."

तिसऱ्या वेळी मुलगी आपल्या बुटांशी बोलली. साहेब मान डोलावत होते. मुख्याध्यापिकेने डोळे मिटून घेतले. 'बघू या मिळून' बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर तास निभावला असता, वर्गही राहिला असता.

पण मुलीची हनुवटी थरथरायला लागली होती. तीनदा विचारलं म्हणजे उत्तर चुकलं, हे कुठल्याही शाळेतल्या मुलाला कळतं. तिने मान वर केली, आणि तिचे शब्द बाईंनी तिच्या ओठांवर वाचले.

"चुकलं का?"

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. ठणठणीत गुडघे कुरकुरले.

"नाही गं बाळा. तुझं बरोबरच असेल. मला ऐकू येत नाही, म्हणून विचारतेय."

साठ पेनं थांबली. मागच्या रांगेत गणिताच्या सरांनी कानामागचा हात सावकाश खाली घेतला.

मुलीने नाक ओढलं आणि बाईंकडे नीट बघितलं.

"मग आधी नाही का सांगायचं," ती म्हणाली, आणि ते बाईंना पहिल्याच खेपेला ऐकू आलं.