'तयारी' नावाचं फोल्डर

"आपल्या कंप्युटरात माझ्या हुकुमाशिवाय चिलटही शिरू शकत नाही!"

रेवारामजी टेंभरे यांनी आमगावातल्या आपल्या घरी, सकाळच्या चहाच्या वेळी ही घोषणा केली. त्या क्षणी कंप्युटरच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याचा बारका दिवा लागलेला होता. तो दिवा रेवारामजींनी लावलेला नव्हता. पण लागलाय म्हटल्यावर काहीतरी नवीन सोय असेल, म्हणून त्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

त्यांच्या पत्नी चमेलीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"अजी, तो बाण कायले आपोआप फिरून राहिला?"

"माझा हात लागला असंल."

"तुमच्या एका हातात कप आहे, दुसऱ्यात बशी!"

रेवारामजींनी पडद्याकडे पाहिलं. बाण खरोखरच फिरत होता. घर भाड्याने घ्यायला आलेला माणूस जसा खोल्या बघत फिरतो, तसा एकेक फोल्डर उघडून बघत होता. रेवारामजी म्हणाले, "जुनं यंत्र आहे. वातानं हातपाय उडतात तसं होते." आणि त्यांनी चहा संपवला.

आता हा कंप्युटर त्यांच्या घरात कसा आला, ते सांगायला हवं.

रेवारामजी राइस मिलमध्ये मुनीम होते. निवृत्तीनंतर शांत बसायचा त्यांचा बेत होता. पण भिंतीपलीकडे राहणारे थोरले भाऊ केशोराव यांच्या मुलीचं, रिंकीचं, लग्न निघालं आणि पत्रिका आली. त्या पत्रिकेत केशोरावांचं नाव दुधीभोपळ्याएवढं होतं आणि सख्ख्या काकाचं मोहरीएवढं! तेही छोट्या मुलांच्या 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' या ओळीच्या खाली. रेवारामजी लग्नाला गेले नाहीत. "छापखान्यानं केलं, मी नाही," असा निरोप दादांनी पाठवला. रेवारामजींनी तो भिंतीवरून परत पाठवला. तेव्हापासून दोन्ही घरांत एकच भिंत आणि शून्य बोलणं. मग रेवारामजींनी कंप्युटर घेतला, अक्षरं लहान-मोठी करायला शिकले आणि गावाच्या पत्रिका स्वतः बनवू लागले.

पण लग्नं उन्हाळ्यात होतात. माणसं बाराही महिने मरतात. तेव्हा श्रद्धांजलीचे बॅनर हा त्यांचा मुख्य धंदा झाला. धंदा म्हणजे सेवा. पैसा घेत नसत. अडचण एकच होती. माणूस गेला की घरचे रडत-रडत फोटो शोधत, आणि मिळायचा तो मतदार कार्डावरचा. त्यात गेलेला माणूस पोलिसांना हवा असल्यासारखा दिसायचा. म्हणून रेवारामजींनी आधीच तयारी करून ठेवायचं ठरवलं. गल्लीतल्या सगळ्या वयस्कांचे चांगले फोटो, हार, तेवणारी समई, दोन ओळी मजकूर. तारखेची जागा तेवढी रिकामी. फोल्डरचं नाव 'तयारी'. त्यातला क्रम खोकल्यावरून लावलेला होता.

सगळ्यात वर केशोरावांचं पान होतं. दादांना खोकला नव्हता, मूत्रपिंडं गेली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी न्या, जे आवडते ते खाऊ घाला. असं डॉक्टर कधी सांगतात, ते गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतं. रेवारामजी भिंतीपलीकडे गेले नाहीत. त्यांनी दादांचं पान उघडलं आणि त्यात एक ओळ लिहिली, जी त्यांनी जन्मात कुणासमोर उच्चारली नव्हती. मग त्या पानाला साजेसं वळणदार अक्षर हवं, म्हणून इंटरनेटवरून 'हजारो मराठी अक्षरं, एकदम फुकट' असा एक प्रोग्राम उतरवून घेतला. प्रोग्रामने अट घातली, आधी अँटीव्हायरस बंद करा. रेवारामजींनी केला. पाहुणा दारात उभा आणि कुत्रं मोकळं, हे बरं दिसत नाही.

दुपारी फोन वाजला. गल्लीतल्या अनुसयाबाईंचा.

"रेवाराम, मी कधी मेली रे?"

"काकू?"

"तुह्या नंबरावरून आलं. हार घालून! खाली लिवलं आहे, 'अंत्ययात्रेची वेळ पाहण्यासाठी निळ्या अक्षरांवर दाबा.' मी दाबणार होती. म्हटलं, आपलीच वेळ आहे, माहीत असलेली बरी!"

रेवारामजी कंप्युटरकडे धावले. कंप्युटरवर व्हॉट्सॲप उघडंच होतं आणि बाण धान पेरणाऱ्यासारखा हात सैल सोडून चालला होता. 'तयारी'तलं एकेक पान उचलत होता, सगळ्या गावाला वाटत होता आणि प्रत्येकाखाली ती निळी ओळ चिकटवत होता.

मग गल्ली जागी झाली. केवळरामचे व्याही देवरीहून बस पकडून आले आणि दारातच हंबरडा फोडून बसले. केवळराम आत जेवत होता. बाहेर येऊन त्यानेही रडायला सुरुवात केली, कारण कोण गेलं ते त्याला कळेना. भैय्यालाल तर घरातच घुसला.

"साऱ्यांचं बनवलं, माझं काऊन नाही?"

"तुले खोकला नाही, भैय्या."

"म्हणजे काय मी मरणार नाही? असा भेदभाव बरा नाही, सांगून ठेवतो!"

पण रेवारामजींचं लक्ष भैय्यालालकडे नव्हतंच. यादीत दादांचं नाव होतं. दादांना त्यांचं पान गेलेलं होतं. पलीकडच्या खोलीत माणूस शेवटच्या घटका मोजतोय, आणि भिंतीअलीकडून सख्ख्या भावाने हार घातलेला फोटो पाठवलाय. दादा हेच बघून गेले, तर? भाऊ मरणाची वाट बघत बसला होता, एवढंच बरोबर घेऊन गेले, तर?

त्यांनी ते पान सर्वांसाठी पुसून टाकलं. बाणाने ते पुन्हा पाठवलं. त्यांनी पुन्हा पुसलं. बाणाने पुन्हा पाठवलं, आता दोनदा. त्यांनी त्याच कंप्युटरवर बसून नवा पासवर्ड ठेवला, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. काही उपयोग झाला नाही. मग तीन वेगवेगळे अँटीव्हायरस भरले. ते एका चुलीवरच्या तीन सासवांसारखे आपसातच भांडू लागले आणि यंत्र तापून भाकरी भाजण्याजोगं झालं.

"पुरे!" चमेलीबाई म्हणाल्या. "मी रिंकीले बोलावतो."

"तिले? त्या घरच्या पोरीले? कदापि नाही!"

रेवारामजींचं 'कदापि' संपायच्या आत चमेलीबाईंनी भिंतीवरून हाक मारलीसुद्धा.

रिंकीचं बाजारात कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, पण सध्या ती बापाच्या उशाशी होती. लाल डोळ्यांनी आत आली. कुणाकडे न बघता आधी तिने इंटरनेटची तार उपटली. बाण जागच्या जागी थिजला.

"बसा, काकाजी. तुमचा मोबाईल द्या." तिने मोबाईलवरून कंप्युटरचं व्हॉट्सॲप बंद केलं, पासवर्ड बदलले. "नवा पासवर्ड याच यंत्रावर ठेवला ना तुम्ही?"

"मग काय!"

"म्हणजे चोराले वाचून दाखवला. तो आत बसून बघून राहिला होता. त्या फुकटच्या अक्षरांसंगं आला अन् मागचं दार उघडं ठेवून बसला."

मग तिने कंप्युटर सुरू झाल्याबरोबर आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी काढली. एका नावावर बोट ठेवलं.

"तुमच्याकडं प्रिंटर आहे?"

"नाही. मी छापायले दुकानात नेतो."

"मग हा प्रिंटरचा मदतनीस कोणाले मदत करून राहिला?"

तिने त्याला काढलं. यंत्र बंद करून सुरू केलं. मदतनीस पुन्हा हजर! पुन्हा काढला, पुन्हा हजर. जावईसुद्धा इतका चिकट नसतो.

"सारं पुसून विंडोज नव्यानं टाकावं लागंल. फोटो वाचवू शकतो मी. 'तयारी' ठेवू?"

रेवारामजींनी पडद्याकडे पाठ केली.

"पुस."

"बाबांचं पान?"

"आधी तेच पुस."

तिने काम सुरू केलं. रेवारामजींनी मोबाईलवरून गावाला निरोप धाडला, 'निळ्या अक्षरांवर कोणी दाबू नये. मी पाठवलेल्या मृत्यूंवर विश्वास ठेवू नये.' लगेच अनुसयाबाईंचं उत्तर आलं, 'म्हणजे मी आहे, हे नक्की ना?'

पडद्यावर पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. रिंकी तिच्याकडे बघतच म्हणाली, "माझ्या लग्नात आले नाही तुम्ही. बाबा मंडपाच्या तोंडाशी उभेच होते. पंगत उठली तरी बसले नाही."

रेवारामजींनी विचारलं, "दादानं... ते पाहिलं काय?"

"पाहिलं. बोलावून राहिले तुम्हाले."

भिंत कंबरेएवढीच होती, पण रेवारामजी गल्लीतून फिरून गेले. तेवढाच उशीर.

केशोराव खाटेवर होते. अंग वाळून दोरीसारखं झालं होतं, पोट तेवढं फुगलेलं. मोबाईल नाकाजवळ धरलेला. निळ्या अक्षरांवर त्यांनी दाबलं नव्हतं, कारण मजकूर वाचून होईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ये," ते म्हणाले. आवाज पाण्याखालून आल्यासारखा. "बस."

रेवारामजी खाटेच्या काठावर बसले. हात कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून दादांच्या पायावर ठेवले. पाय थंड होते.

"दादा, ते चोरानं पाठवलं. मी नाही."

"लिवलं कोनं? चोरानं?"

"...मी."

केशोरावांनी धापा टाकत वाचलं, "'ज्यांच्या खांद्यावर बसून मी मंडईची पहिली जत्रा पाहिली, ते माझे दादा.'" मग दम घेतला. "खांद्यावर बसून मुतला होतास. ते काऊन नाही लिवलं?"

रेवारामजी हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. खिडकीतून चमेलीबाई बघत होत्या. त्या वळून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"चांगलं बनवलं," केशोराव म्हणाले. "फोटो चांगला आहे. समई चांगली आहे. रिंकीनं भिंतीवरून सांगितलं, सारं पुसलं. मग पुन्हा बनव."

"दादा, असं बोलू नका."

"ऐक तर." त्यांनी मोबाईल रेवारामजींसमोर धरला. पानाच्या तळाशी 'शोकाकुल' या शब्दाखाली, त्या फुकटच्या वळणदार अक्षरात, पपईएवढं ठसठशीत एक नाव होतं : रेवाराम टेंभरे. आणि वर, फोटोच्या खाली, मोहरीएवढं : कै. केशोराव.

"मरून राहिलो मी," केशोराव हळूच म्हणाले, "अन् नाव तुझं मोठं. एवढ्या वेळेस माझं जराकसं मोठं करशील काय?"