शेवटचा बाक दहावीत गेला

नववी 'ब'मधला शेवटचा बाक वार्षिक परीक्षेत पहिला आला. त्याच्यावर बसणारी चित्रा उगले नापास झाली.

निकाल ऐकून मृणाल खोत मॅडमच्या हातातला खडू खाली पडला. नोकरीचं पहिलंच वर्ष. घंटा वाजली तरी त्या दचकायच्या. त्यात चित्राचे मामा शाळेत येऊन बजावून गेलेले, "पोरगी नापास झाली की शाळा बंद. घरी कामं काय कमी आहेत?"

"बाकानं कॉपी केली असेल, सर," मॅडम चाचरत म्हणाल्या.

"तोंडी परीक्षा मी स्वतः घेतली," मुख्याध्यापक वाघचौरे सर म्हणाले. "पायथागोरसचा सिद्धांत सिद्धतेसकट म्हणून दाखवला. आता नियमानं त्याला दहावीत बसवायचं. तुम्ही तेवढा हलवून घ्या."

बाक उचलायला मुलं धावली. "सावकाश रे, टॉपर आहे!" कुणीतरी ओरडलं. पण चौघांनी जोर लावूनही बाक तसूभर हलला नाही.

"काय हवंय तुम्हाला?" मॅडमनी धीर करून विचारलं. पहिल्या आलेल्याला अरेतुरे करणं त्यांना जमेना.

"चित्रा," बाक म्हणाला. "मला सगळं तिनं शिकवलं. माझ्यावर डोकं टेकवून पुटपुटायची. तुम्हाला वाटायचं, झोपलीय."

मॅडम चित्राकडे वळल्या. "अगं, मग वर्गात कधी बोलली का नाहीस? पेपर कोरा का दिलास?"

चित्रा बाकाच्या कडेवरून नख फिरवत राहिली. "मॅडम, तुम्ही पहिल्या बाकापासून प्रश्न विचारत येता. तिसऱ्या ओळीला घंटा होते. इथवर प्रश्न कधी आलाच नाही. पेपरातलेही पुढच्यांसाठीच असतील, असं वाटलं."

वाघचौरे सरांनी चष्मा पुसला. "नापास विद्यार्थ्याला वर पाठवता येत नाही. बाकाबरोबर त्याचं जोडसामान मात्र जाऊ शकतं. खिळे, पट्ट्या वगैरे."

"चित्रा जोडसामान, सर?"

"तुमच्याकडे दुसरा काही उपाय आहे?"

नव्हता. मामांनाही पटलं. सामान नापास होत नाही, एवढं त्यांना कळत होतं. चित्रा बाकावर बसली आणि बाक कागदासारखा हलका झाला.

हुशारांना पुढे बसवायची शाळेची पद्धत होती. म्हणून जूनमध्ये दहावीच्या वर्गात तो बाक पहिल्या ओळीत आला. त्या वर्षी दहावीचं गणित खोत मॅडमकडेच होतं.

"बाक?" त्यांनी हजेरी घेतली.

"हजर," चित्रा म्हणाली.

मग नेहमीप्रमाणे प्रश्न पहिल्या बाकापासून सुरू झाला. बाक गप्पच राहिला. चित्रा उभी राहिली आणि तिनं सगळं उत्तर मोठ्यानं सांगितलं. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

"शाब्बास, बाक!" दारातून वाघचौरे सर म्हणाले.

मॅडम दचकल्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या, मग त्यांनीही वाजवल्या. चित्रानंसुद्धा वाजवल्या, आणि बाकाच्या पाठीवर हळूच थोपटून ती खाली बसली.