चांदीचा मुलामा

लोक पान चघळतात. आमचे इराप्पा स्क्रू चघळायचे. डाव्या गालात तो धरूनच बोलायचे. रागावले की बाहेर काढायचे, म्हणजे शिव्या स्पष्ट येत.

सोलापुरात त्यांचं मुलाम्याचं दुकान होतं. टांग्यांचे दिवे, सायकलींची हँडलं, सगळ्यांना ते चकाकी देत. स्वतःच्या सदऱ्याला मात्र साबणही देत नसत. बायकोपोरं नव्हती. "घरात माणसं आली की डाग पडत्यात," असं वर सांगत.

मी तेव्हा धर्मार्थ दवाखान्यात कंपौंडर होतो. आमच्या डॉक्टरांनी एकाच्या मोडक्या हाडावर विलायती पोलादी पट्टी बसवली. ती आत गंजली, जखम चिघळली, पट्टी काढावी लागली. मी ती इराप्पांना दाखवली आणि त्यांना भलतंच समाधान झालं.

"साहेबाच्या लोखंडाला बी गंज? मग राज्य किती दिस टिकायचं?"

डॉक्टरांनी त्यांना नव्या पट्टीवर आणि स्क्रूंवर चांदीचा मुलामा चढवून बघायला सांगितलं. त्यातलाच एक स्क्रू इराप्पांच्या गालात गेला. "शरीर आतनं मिठाचं पाणीच की! तोंडात टिकला तर हाडात टिकंल."

सहा महिने टिकला. त्यांचं बोबडं बोलणं ऐकून शेजाऱ्यांचा धीर त्याआधीच सुटला होता.

मग नरसम्मा आली. गिरणीत पडून पाय मोडलेली, एकटी विधवा. इराप्पांची पट्टी तिच्या नडगीवर बसली आणि इराप्पा रोज दुपारी हजर होऊ लागले. "माल तपासायला आलोय." बोलायचे ते तिच्याशी नाही, तिच्या पायाशी. "ठणकतंय का? लाल तर न्हाय?" सोबत भाकरी-शेंगाचटणीचा डबा. "उपाशी माणसाचं हाड जुळत न्हाय, अन् बोल मुलाम्याला लागतो."

पाय जुळला. निघताना नरसम्मा म्हणाली, "अण्णा, घराकडं या की."

इराप्पा गडबडले. "कशाला? पट्टी आत हाय. दिसणार थोडीच!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा डबा घेऊन दवाखान्याच्या दारात.

"अण्णा, नरसम्मा काल घरी गेली. विसरलात?"

"ठाऊक हाय की."

ते व्हरांड्यातल्या खाटेपाशी गेले. तिथे तापाने फणफणलेला एक म्हातारा पडून होता.

"अहो, ह्याच्या अंगात तुमचं काही नाही," मी म्हणालो.

"नसंना का." इराप्पा खाली बसले आणि भाकरी बारीक मोडू लागले. "ह्याच्याकडं बी कोण येत न्हाय."